दोन सह्यांचा दाखला

शारजातल्या त्या शाळेत मी सातवीला इतिहास शिकवायचे. जुन्या प्रिन्सिपॉल मॅडम निवृत्त होत होत्या, नवे सर भारतातून येऊन दाखल झाले होते, आणि चार्ज नेमका कधी द्यायचा हे मॅनेजमेंटने कागदावर लिहिलंच नव्हतं. मग काय, एका केबिनमध्ये दोन खुर्च्या! दोघंही दिवसभर नाकाने कांदे सोलत बसलेले.

नेमकी तेव्हाच माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची नोकरी गेली. व्हिसा खलास, गुरुवारचं विमान. सांगलीच्या शाळेत प्रवेश हवा तर इथला शाळा सोडल्याचा दाखला हवा, आणि त्यावर प्रिन्सिपॉलची सही. मी कागद घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, "आता मला कोण विचारतंय? नव्या साहेबांकडे जा." सर म्हणाले, "मी अजून चार्ज घेतलेला नाही. पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला." परवा आलेला माणूस, पण इन्शाल्ला म्हणून काम पुढे ढकलायची इथली रीत बरोबर शिकला होता! अहो, सही मागतेय, जहागीर नाही.

त्याच आठवड्यात वर्गात अमेरिकेचं पहिलं सत्तांतर चाललं होतं. तिथेही आधी कुणी असं केलेलं नव्हतं. जाणाऱ्याने कुठे बसायचं, दारातून आधी कोण बाहेर पडायचं, कसलाच नियम नाही. तर म्हणे मावळत्या अध्यक्षांनी नव्यांना पुढे जाऊ दिलं, उपाध्यक्षांनाही जाऊ दिलं, आणि स्वतः मागून गेले. त्या मुलीने हात वर केला. "टीचर, दॅट्स सो ईझी. व्हाय कान्ट दे डू इट हिअर?" मी पुस्तकात डोकं घातलं.

बुधवारी केबिनमध्ये जाऊन मी आवाज चढवला. तेव्हा मॅडमनी तोऱ्यात सही ठोकली. लगेच सरांच्या पोटात दुखलं. त्यांनी कागद ओढून शेजारी स्वतःची सही केली, मॅडमपेक्षा मोठी. दोघांनीही खाली लिहिलं, प्रिन्सिपॉल. शिक्का मीच मारला आणि धावत जाऊन गेटवर वडिलांच्या हातात दाखला दिला. केवढी खूश झाले होते मी!

दोन महिन्यांनी मुलीचं पत्र आलं. सांगलीच्या शाळेने दाखला परत केला होता. एका शाळेला दोन मुख्याध्यापक कसे, कागद खोटा दिसतोय म्हणाले. आता प्रवेश बंद, वर्षभर घरीच.

पत्र घेऊन मी तडक केबिनमध्ये गेले. खुर्ची आता एकच होती. सरांनी पत्र वाचलं आणि हात झटकले, "हे मॅडमच्या काळातलं."

मग चष्मा काढून विचारलं, "पण त्या दाखल्यावर शिक्का कुणी मारला?"