शेवट फसला आहे

पुस्तकाची शेवटची पानं न वाचताच माझ्या परीक्षणांच्या वेबसाइटवर मी ‘शेवट फसला आहे’ असं ठोकून दिलं, इतकी मी तेव्हा दीडशहाणी! लेखिका दिवाळे गावची कोळीण, मासे विकणारी. तिचं पहिलंच पुस्तक, आणि माझं परीक्षण वाचून प्रकाशक दुसरं छापायला कचरत होता. एका दुपारी ती माशांची पाटी घेऊन थेट माझ्या दारात. “तुज्याकडचं माजं पुस्तक दाव.” मी दिलं, काय करणार! तिनं एकेक पान उलटलं आणि शेवटच्या आठ पानांशी थांबली. छापखान्यातून आली तशी ती पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती, न कापलेली. ती फतकल मारून बसली आणि म्हणाली, “बाय, सुरी आन. पानं मी कापते, तू मोठ्यानं वाच.”