ज्या वस्तूला उंदीर विटेनात

उंदराला नव्या वस्तूचं कुतूहल असतं, हे एम.एस्सी.ला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी उंदीर म्हणजे जाळी कुरतडणारा प्राणी, एवढीच त्याची ओळख. बाबा खाडीत मासेमारी करायचे, आई पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकते. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. मराठी शाळा, मग प्राणिशास्त्राची पदवी, आणि मग मेंदू आणि वर्तन यांचा संबंध शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत प्रकल्पासाठी जागा. ती जागा मिळाली याचंच मला इतकं अप्रूप वाटत होतं, की पहिला महिनाभर मी तिथल्या खुर्चीवर टेकून बसत नसे.

मला दिलेला प्रयोग सोपा होता आणि म्हणूनच मला फार आवडला. एका मोकळ्या खोक्यात दोन सारख्या वस्तू ठेवायच्या. उंदीर त्या हुंगतो, फिरतो, पुन्हा हुंगतो, मग कंटाळतो. दुसऱ्या दिवशी त्यातली एक तशीच ठेवायची आणि दुसरीच्या जागी नवी वस्तू आणायची. उंदराला कालचं आठवत असेल तर तो जुनीकडे फारसं बघत नाही, नवीपाशी रेंगाळतो. उंदराला विचारता येत नाही, ‘तुला आठवतंय का?’ पण त्याचं नाक कुठे रेंगाळतं यावरून ते कळतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे गिऱ्हाइकासारकंच. काल बगितलेलं आज हात लावून बगत नाय.”

वस्तू कोणत्या घ्यायच्या ते मला ठरवायचं होतं. जड हवी, उंदराला चढता येऊ नये, चावून तुटू नये, आणि तशाच आणखी हाताशी हव्यात. मला लगेच आमच्या माळ्यावरचे गोळे आठवले. जाळ्याची वरची कड पाण्यावर तरंगत राहावी म्हणून दोरीत ओवतात ते टणक प्लास्टिकचे गोळे, मधून आरपार भोक असलेले. खाडीत आता पूर्वीसारखं मिळत नाही, त्यामुळे बाबा जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला जातात आणि जाळी माळ्यावर पडून आहेत.

“कशाला पायजेत?” बाबांनी विचारलं.

“उंदरांना द्यायला.”

“आयुष्यभर त्यांनी माजी जाली खाल्ली. आता तू त्यांना खेलनी नेऊन दे!” असं म्हणत त्यांनी स्वतःच शिडी लावली आणि चांगले बघून गोळे काढून दिले. मी ते साबणाने घासले, लॅबमध्ये स्पिरिटने पुसले, जड व्हावेत म्हणून एकेका फरशीच्या तुकड्यावर चिकटवले. आमच्या मॅडमना कल्पना आवडली. “घरचं सामान प्रयोगशाळेत आणलंस, छान,” असं म्हणाल्या, आणि मी दिवसभर हवेत होते.

पण उंदीर गोळ्यांना विटेनात. दुसऱ्या दिवशी शेजारी वाळू भरलेली नवी कोरी काचेची बाटली ठेवली तरी ते तिला एकदा हुंगून परत गोळ्याकडे यायचे. एक नाही, जवळजवळ सगळे. आणि ज्या औषधाचा स्मृतीवरचा परिणाम आम्हाला पुढे तपासायचा होता, ते अजून न दिलेले हे धडधाकट उंदीर.

मॅडमनी व्हिडिओ पाहिले आणि पेन खाली ठेवलं. “साध्या उंदरांचीच स्मृती आपल्याला दिसत नसेल, तर औषध दिलेल्यांबद्दल आपण काय बोलणार?” मग सावकाश म्हणाल्या, “पुढच्या बैठकीपर्यंत बघ. नाही जमलं तर ग्रंथालयातला विषय घे. वाचून लिहिण्याचा प्रबंधही चांगलाच असतो.”

त्यांनी हे मला वाचवायलाच सांगितलं होतं. पण मला पीएच.डी. करायची होती, आणि स्वतः केलेल्या प्रयोगाशिवाय मला कुठल्याही प्रयोगशाळेत कोण उभं करणार? माझ्यामागे शिफारस करणारा काका-मामा नव्हता. होता तो हा एक प्रयोग.

मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहायला लागले. आणि खरं सांगते, भीती होती, पण पाहता पाहता मजाही वाटायला लागली. उंदीर गोळ्याला सगळीकडून हुंगत नव्हते. ते थेट भोकाकडे जायचे आणि तिथे तोंड खुपसून, मिशा हलवत उभे राहायचे. मला वाटलं, सापडलं! उंदराला भोक आवडतंच. म्हणून मी प्लंबरकडून पाइपचे तेवढ्याच भोकाचे तुकडे कापून आणले आणि गोळ्यांच्या जागी लावले. पहिल्या दिवशी उंदरांनी त्यात तोंड घातलं, दुसऱ्या दिवशी ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे स्मृती ठीक होती. भोकाचाही प्रश्न नव्हता. मग त्या गोळ्यात असं काय होतं?

आमच्या लॅबमध्ये नाशिकची एक ताई पीएच.डी. करत होती. उंदीर कसा धरायचा हे मला तिनेच शिकवलं. दुपारी चहा पिताना मी तिला म्हणाले, “ताई, आकार नाही, भोक नाही, रंग तर त्यांना धड दिसतही नाही. मग आहे तरी काय त्यात?”

ताईने चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाली, “एक बोलू? रागावणार नाहीस ना?”

“बोल की.”

“त्याला वास येतो गं.”

“कसला?”

“मासळीचा. सुक्या.”

मी हातातला बिस्किटाचा तुकडा खाली ठेवला. “तुला कधीपासून येतोय?”

“तू पिशवी उघडलीस तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? तू एवढ्या कौतुकाने सांगत होतीस, बाबांनी काढून दिले म्हणून. मला वाटलं, तुला वाटेल मी तुलाच…” तिने वाक्य सोडून दिलं.

ते वाक्य मला पुरं करता येत होतं. शाळेत माझा डबा उघडला की एक मुलगी ओरडायची, “आला गं बाजार आला!” आणि बाक सरकायचे. ताईने पहिल्याच दिवशी नाकाला रुमाल लावला असता तर मी गोळे गुपचूप पिशवीत भरून घरी नेले असते, आणि तिच्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलले नसते. हे तिला न सांगताच कळलं होतं. तिच्या त्या भलेपणाचे मी आजही आभार मानते, जरी त्यापायी आमचे सगळे उंदीर वेडे ठरायची वेळ आली होती.

मी आत जाऊन एक गोळा नाकाशी धरला. स्पिरिट आणि प्लास्टिक, बास. भोकाशी नाक लावलं. तरी काही नाही. मला हसू फुटलं.

“ताई, डोळे मीट.”

“आता काय?”

“प्रयोग.”

मी तिच्या नाकाखाली एकेक वस्तू धरत गेले. बाटली, पाइप, गोळा, पुन्हा बाटली, दुसरा गोळा. ती एकदाही चुकली नाही. मग तिने माझे डोळे झाकले आणि मी नुसते अंदाज करत राहिले. “अगं, हा तर तुझ्या ओठाला लागलाय!” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून मॅडम डोकावल्या.

त्या संध्याकाळी घरी सांगणं जास्त अवघड होतं. आईने लगेच विचारलं, “कोन बोलली तुला? नाव सांग.”

“अगं, ती बोललीच नाही, म्हणून तर घोळ झाला.”

बाबांनी उरलेला एक गोळा उचलून हुंगला. “आमाला तर नाय येत.” आईनेही हुंगला. तिलाही नाही. मी सुरीचं टोक भोकात घालून खरवडलं. आतून जुन्या दोरीचे तंतू आणि काळपट, चिकट भुगा निघाला. जाळ्यातून इतकी वर्षं खाडी वाहिली होती, ती तिथे बसली होती. स्पिरिट वरवरच पुसत होतं. “येवड्यासाटी ते उंदीर थांबले व्हय,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता असं मला वाटलं.

बैठकीत मी सगळं क्रमाने सांगितलं. ताईच्या नाकाची चाचणीही सांगितली. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “गोळे बाद. पाइप आणि बाटलीवर पुन्हा कर. आणि हे जे आत्ता सांगितलंस ते प्रबंधात तसंच लिही, लपवू नकोस. ग्रंथालयाचा विषय दुसऱ्या कुणाला देईन.” मग दाराशी थांबून त्यांनी विचारलं, “पण तुला वास का येत नाही?”

“सवय झालीय म्हणून.”

“सवय म्हणजे मेंदूत नेमकं काय झालंय?”

बैठक संपली तरी मी त्यावरच विचार करत होते. नाक तर तेच, वास तर येऊन पोचतोच, मग तो अडतो कुठे? पुढे पीएच.डी.साठी मी जो प्रश्न लिहून दिला तो साधारण हाच आहे, आणि त्यावर माझं काम आता चालू आहे.

नव्या वस्तूंवरचा पहिला उंदीर मी आणि ताईने पडद्यावर मिळून पाहिला. तो पाइपपाशी गेला, एकदा हुंगलं, वळला, आणि बाटलीपाशी जाऊन तिथेच खिळला. ताईने माझा दंड असा दाबला की दुखलं.

मी बाहेर येऊन आईला फोन केला. बाजाराची वेळ होती, मागे गिऱ्हाइकांचा गलका.

“ठेवलं का तुला प्रयोगात?” तिने विचारलं.

“ठेवलं.”

“बरं झालं गं बाय. थांब जरा, सुटे देते.” मग थोड्या वेळाने, फोन कानाला तसाच लावून, “पन मला एक सांग. त्या उंदरांना आपल्या घरात ठेवलं, तर त्यांना पन वास यायचा बंद होईल काय?”

मी व्हरांड्यातच थांबले. हे करून बघता येण्यासारखं होतं.