चाळीस किलो कचऱ्याची अट

पद : मानद किनारारक्षक तथा प्रमुख, पर्यावरण प्रबोधन केंद्र. वेतन : लागू नाही. वय : त्रेसष्ट. पूर्वानुभव : फेरीबोटीवर तिकीट तपासनीस, एकतीस वर्षे. ओळखण्याची खूण : उजव्या हातात तीन फुटी लोखंडी चिमटा. कार्यक्षेत्र : बेटाचा संपूर्ण किनारा, भरती-ओहोटीनुसार कमी-जास्त. अवलंबून असलेल्या व्यक्ती : निरंक. ज्यांच्यावर अवलंबून आहे अशा व्यक्ती : थोरली बहीण, एक.

नोकरीत तिकिटांना भोकं पाडायचा चिमटा हातात होता, निवृत्तीनंतर कचरा उचलायचा आला. मधे एक रविवार रिकामा गेला, तेवढाच. सगळं बेट त्यांना चिमटेमामा म्हणतं. खरं नाव फक्त मतदार यादीला ठाऊक.

केंद्र म्हणजे धक्क्यावरची जुनी तिकीटखोली. दारावर एक फळा, आत बरणीत ठेवलेली खेकड्याची कात आणि मामांची खुर्ची. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पलीकडच्या शहरातून शाळेची मुलं येत. मामा त्यांना अर्धा तास समुद्र समजावून सांगत, मग मुलं किनाऱ्यावरचा कचरा गोळा करत. उरलेले दिवस खोलीत कुणी येत नसे. मामांना ती आवडायची ती याचसाठी.

कारण घरी ताई होती. ताई मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होती. निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली ती वॉर्ड सोबत घेऊनच. सहाला दिवा लागे, सव्वासहाला चादर ताणली जाई, साडेसहाला "पोट साफ झालं का?" हा प्रश्न शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारला जाई. घरात मामांचा दर्जा बरा होत नसलेल्या रुग्णाचा होता. केंद्र दहा ते पाच उघडं असे, म्हणजे मामांना दहा ते पाच डिस्चार्ज असे.

अशात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. मागच्या महिन्याच्या शनिवारी फक्त अकरा किलो कचरा जमला होता, त्यातला चार किलोचा एक ओला दोरखंड. "पुढील उपक्रमात किमान चाळीस किलो संकलन न झाल्यास बेटावर प्रबोधनाची गरज नाही असे समजून खोली बोट कंपनीच्या गोदामासाठी परत करण्यात येईल."

कचरा नव्हता याला जबाबदार एकच माणूस होता. मामा रोज सकाळी किनारा धुंडाळत. समुद्रानं बाटली आणून टाकायची खोटी, की हे हजर.

मामांनी ठरवलं, आता येत्या शनिवारच्या उपक्रमापर्यंत काही उचलायचं नाही. पहिला दिवस कसाबसा निभावला. दुसऱ्या दिवशी एक बाटली दिसली. ती त्यांनी केवळ कुठल्या कारखान्याची आहे ते बघायला उचलली. उचललीच आहे तर पिशवीत टाकली. तिसऱ्या दिवशी दीपगृहापर्यंतचा किनारा चकाचक होता आणि मामा घरी तोंड पाडून बसले होते.

"काय होतंय?" ताईनं त्यांची नाडी धरली.

"खोली जाणार ताई. चाळीस किलो कचरा कुठून आणू?"

"परसात सहा पोती पडली आहेत तो काय मोत्यांचा ढीग आहे? कचरा नेणारी होडी महिनाभर बंद आहे."

"तो उचललेला कचरा आहे गं."

"मग पुन्हा टाक."

एकतीस वर्षांत मामांनी विनातिकीट एकालाही सोडलं नव्हतं.

"हे पाप आहे," ते म्हणाले.

"हो. मग गोदाम होऊ दे आणि दिवसभर घरी बस. तुझ्या गुडघ्यांना शेक द्यायचाच आहे."

शनिवारी सकाळी आठ वाजता दोघं सहा पोती ढकलगाडीवर घालून किनाऱ्यावर हजर होती. अडचण एकच होती. अस्वच्छ वस्तू परसात ठेवू देणं ताईच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक बाटली साबणानं धुऊन, उलटी वाळवून, बूच लावून भरलेली होती. वाळूवर पसरल्यावर समुद्रानं आणून टाकलेला माल वाटेना, दुकान मांडल्यासारखं वाटू लागलं.

"जरा वेडीवाकडी टाक ना," मामा कुरकुरले. "रांगेत काय लावतेस?"

"मोजायला बरं. दोनशे चौदा बाटल्या आहेत, एकोणीस चपला, बाकी जाळ्यांची भेंडोळी. टाकलेलं सगळं परत आलं पाहिजे, सांगून ठेवते."

साडेदहाला काम संपलं. दोघं खोलीच्या पायरीवर टेकली. दारावरच्या फळ्यावर मामांनीच सकाळी वळणदार अक्षरात लिहिलं होतं : आजची भरती, दहा पन्नास. हे ते रोज लिहीत. मुलांना भरती शिकवताना त्यावर बोटही ठेवत. स्वतः वाचायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

"अरे ए," ताई म्हणाली, "तुझ्या बाटल्या निघाल्या."

पहिली रांग तरंगत होती. दुसरी निघायच्या तयारीत होती. खोली गेली हे मामांच्या डोक्यातही आलं नाही. आपण समुद्रात सहा पोती कचरा टाकला, एवढंच आलं. चिमटा घेऊन ते कमरेएवढ्या पाण्यात घुसले. मागून पदर खोचून ताई.

"डावीकडे! डावीकडे रे! ती चप्पल चालली!"

"दिसतेय मला!"

"दिसतेय तर धर की! नुसता बघतोस काय?"

त्याच वेळी बोट धक्क्याला लागली. साठ मुलं, दोन शिक्षिका आणि वरच्या कार्यालयातल्या मॅडम, वजनकाट्यासह. मुलांना समजावून सांगायची गरज पडली नाही. ती पायऱ्यांवरून थेट घोटाभर पाण्यात उतरली, साखळी करून उभी राहिली आणि ताई पाण्यातून फेकेल ते झेलू लागली. ताईनं एका शिक्षिकेलाही "सरळ उभी राहा!" म्हणून दटावलं. त्या सरळ उभ्या राहिल्या.

शेवटची चप्पल निघेपर्यंत कुणाला पाणी प्यायला मिळालं नाही. चपला एकोणीस. बाटल्या मात्र दोनशे तेवीस. नऊ समुद्राच्या स्वतःच्या निघाल्या. काट्यावर त्रेचाळीस किलो भरले. पोती कोरडी असताना एकतीस होती, बाकीचं जाळ्यांत मुरलेलं पाणी.

मॅडमनी एक बाटली उचलली, बूच उघडलं, हुंगलं.

"हिला साबणाचा वास येतोय."

मामा चिमट्याशी खेळू लागले.

"येणारच," ताई म्हणाली. "मी धुतली. कचरा यानं महिनाभर उचलला आणि आज आम्हीच पुन्हा टाकला. तुम्हाला चाळीस किलो हवे होते ना? किनारा स्वच्छ ठेवणाऱ्याची खोली काढून घ्यायची, हे कुठल्या शहाण्यानं लिहिलं?"

मॅडमनी बूच सावकाश लावलं. पत्रावर सही त्यांचीच होती.

पंधरा दिवसांनी नवं पत्र आलं. "प्रशासकीय कारणास्तव वजनाची अट शिथिल करण्यात येत असून, सदर खोली केंद्राकडेच कायम ठेवण्यात येत आहे. तसेच नोंदींची अचूकता व विश्वासार्हता लक्षात घेता, केंद्रप्रमुखांच्या भगिनींची मानद पर्यवेक्षक म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे. केंद्रप्रमुख त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम पाहतील."

ताई रोज पावणेदहालाच जाऊन खोली उघडते.