हार्प बडवणारी ओतिलिया

"आरं पोन्सियानो, ही तुझी नवी नवरी फुडं सावलीत बसणार, आन् मी मागं खरबुजाच्या खोक्यांवर व्हय?"

"कोमाद्रे, तिला ऊन सोसत न्हाई. लाकूड तडकतंय."

"आन् माझं टाळकं तडकलं म्हंजी?"

"त्ये कवाच तडकलंय," पोन्सियानो म्हणाला आणि पिकअपच्या पुढच्या सीटवर त्यानं हार्प दोन गोधड्यांत गुंडाळून दोरीनं आवळली.

ओतिलिया शिव्या देत मागं चढली. तिच्या थोरल्या पोरीचा बाप्तिस्मा पोन्सियानोच्या मांडीवर झालेला, म्हणून तो पोरीचा धर्मबाप आणि ती त्याची कोमाद्रे. ह्या नात्यात शिव्या द्यायला हरकत नसते, पाठ दाखवायला असते.

आमच्या तापल्या खोऱ्यात हार्प एकट्यानं वाजत नाही. वाजवणारा उभा राहून तारा छेडतो, आणि दुसरं माणूस खाली गुडघ्यावर बसून हार्पच्या फुगीर पोटावर दोन्ही तळव्यांनी ठोका धरतं. ओतिलिया ते दुसरं माणूस. नवव्या वर्षी बापाच्या हार्पवर तिनं पहिला ठोका दिला, आता एकसष्ट चालू आहे. मधल्या काळात तिनं एक नवरा आणि चार हार्पा झिजवल्या. स्वतःच्या मालकीचं वाद्य म्हणाल तर घरात शिट्टीसुद्धा नाही. बसथांब्याजवळ तिची खानावळ आहे. वाळवलेलं मांस दगडानं कुटायचं, अंड्यात परतायचं, मिरचीच्या रश्शात सोडायचं, आणि भाताबरोबर वाढायचं. सकाळी मांस कुटणारे हात संध्याकाळी हार्प बडवतात. पाहुणे विचारतात, हात दुखत नाहीत का? ती म्हणते, "मांस वरडत न्हाई, हार्प वरडती. त्येवढाच फरक."

त्या शनिवारी आम्ही पाच जण डोंगरापलीकडच्या गावच्या जत्रेला निघालो होतो: ते दोघं, मी आणि दुसरा व्हायोलिनवाला, आणि गाडी हाकणारा गिटारवाला. तिथं घोडे नाचवायची पैज असते. खड्डा खणून वर फळ्या टाकतात, घोडा फळ्यांवर चढतो आणि आमच्या तालावर टापा मारतो. आमच्या खोऱ्यातला लेओबार्दो त्याचा अलासान नावाचा तांबडा घोडा घेऊन आदल्या दिवशीच पोचला होता.

अर्ध्या वाटेत चौकीवर पोलिसानं गाडी अडवली. गोधडीतला तो लांबोडका आकार बघून त्याचा हात कमरेला गेला.

"आत कोण आहे?"

"ह्येची बायकू," ओतिलिया मागून ओरडली. "लई गप्प असती, म्हून गुंडाळलीया."

पोन्सियानोनं घाईघाईनं गोधडी सोडली. पोलिसानं बोटाच्या पेरानं हार्पच्या पोटावर दोनदा टकटक केलं, मग जरा वर एकदा. ओतिलियानं मान तिरकी केली. कोंबडी किडा बघताना करते तशी.

"परत वाजीव रं, तिथंच," ती पोलिसाला म्हणाली आणि खोक्यांवरून वाकून मागच्या खिडकीतून स्वतःच हात आत घातला. पोन्सियानोनं तो फटकन उडवला.

"शिवू नगंस!"

बावन्न वर्षांत तिचा हात हार्पवरून कुणी उडवला नव्हता. ती परत खोक्यांवर टेकली. पुढचे दोन तास तिनं एकही शिवी दिली नाही, तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय असं वाटायला हवं होतं.

जत्रेच्या फाटकावर नगरपालिकेची एक पोरगी यादी घेऊन उभी होती. गळ्यात अडकवायचे पास देत होती. हार्प एक, व्हायोलिनं दोन, गिटार एक. चार पास वाटून तिनं यादी मिटली.

"आन् माझा?" ओतिलिया म्हणाली.

"तुमचं वाद्य काय, बाई?"

ओतिलियानं हात दाखवले. पोरीनं ते उलटसुलट बघितले, अगदी मनापासून, जणू कुठंतरी छापील क्रमांक असेल.

"चारच नावं आलीत. ही बघा."

कागद ओतिलियाच्या नाकासमोर आला. तिला वाचायला कमी येतं, पण पोन्सियानोचं अक्षर ती ओळखते. खानावळीतली तिची पाटी त्यानंच रंगवलीय. तिनं कागद बघितला, मग पोन्सियानोकडं बघितलं. तो हार्पची गोधडी नीट करत होता, जी नीटच होती.

"कोमाद्रे, आवंदाच्या साली फकस्त," तो खाली बघून पुटपुटला. "नवीन हाय. तिचं पोट पातळ हाय. तुझा हात..."

"माजा हात काय?"

तो गोधडीची दोरी परत आवळायला लागला. ती फाटकाबाहेरच घोड्यांच्या पाण्याच्या टाकीशी जाऊन बसली. मीठ-मिरची लावलेली काकडी घेतली आणि आमच्याकडं पाठ करून कचाकचा खाऊ लागली.

आमची पाळी आली. लेओबार्दो घोड्यावर, घोडा फळ्यांवर, भोवती हजारभर माणूस. आम्ही सुरू केलं. पोन्सियानोची बोटं उत्तम चालली होती, नवी हार्प गोड बोलत होती. अलासान उभा. दुसरं गाणं धरलं. अलासाननं शेपटी उचलून फळीवर लीद टाकली. माणसं हसून लोळायला लागली.

लेओबार्दोचं तोंड घोड्याच्या रंगाचं झालं. "आरं, बडवणारी कुटं हाय? कान बघ त्येचे, हुडकतोय तो तिला!"

खरंच, घोड्याचे कान पुढं-मागं फिरत होते. तारांचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. इतकी वर्षं तो तिच्या हातांवर नाचत होता आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"मी उतरत न्हाई," लेओबार्दो म्हणाला. "आणा तिला, न्हाईतर रात्रभर हितंच बसतो."

पोन्सियानो फाटकाकडं गेला. मीही व्हायोलिन काखेत मारून मागं गेलो. काय होतंय ते बघायला नको का?

"चल," तो म्हणाला.

"मला पास न्हाई."

"कोमाद्रे, लोक हसत्यात."

"हसू देत, जत्रा हाय. यादी कुणी लिवली?"

"मी."

"ह्या पोरीला ऐकू गेलं न्हाई."

"मी लिवली! म्याच नाव गाळलं!"

पोरीनं मान खाली घातली आणि स्वतःच्या गळ्यातला पास काढून ओतिलियाच्या गळ्यात घातला.

पण ती लगेच वाजवायला बसली नाही. हार्पसमोर गुडघे टेकले आणि मडकं घेताना वाजवून बघतात तशी बोटानं सगळं पोट चाचपू लागली. टक, टक, टक. सगळं गाव थांबलेलं. एका जागी आवाज बद्द आला. तिनं तिथं कान लावला, परत वाजवलं.

"आतली पट्टी सुटलीया हितं," ती म्हणाली. "पोलिसाच्या बोटालाच समजलं हुतं. ह्याच्यावर मारलं आस्तं तर फाटलीच आस्ती तुझी नवरी. आता मला सांग, हात कुणाचा वाईट, माजा का सुताराचा?"

पोन्सियानोनं वाकून स्वतः टकटक केलं. त्याचा चेहरा उतरला. ती चार बोटं खाली सरकली, एक ठोका देऊन बघितला, मान डोलावली.

"वाजीव आता."

पहिल्या चार ठोक्यांना अलासाननं कान टवकारले. पाचव्याला उजवा पाय पडला. मग फळ्यांखालचा खड्डा असा घुमायला लागला की माझं व्हायोलिन मलाच ऐकू येईना. लीद चारी दिशांना उडाली. पुढच्या रांगेतले साहेब मागं सरले.

तिसरा नंबर आला. लेओबार्दो अजून म्हणतो, लीद नसती तर पहिला होता.

येताना ओतिलिया पुढं बसली, पाय खिडकीबाहेर काढून. हार्प मागं, आणि ती धरायला मी आणि पोन्सियानो खोक्यांवर, रस्ताभर.

सोमवारी सकाळी मी खानावळीत होतो. पोन्सियानो पुढच्या जत्रेचा फॉर्म घेऊन आला. पाच ओळी आखलेल्या, पाचवीत ओतिलियाचं नाव, आणि वाद्याचा रकाना मोकळा.

"हितं काय लिवू?"

ती मांस कुटत होती. दगड थांबला नाही. "तुज्या नावाफुडं काय लिवलंस?"

"हार्प."

"मंग माज्याफुडं बी त्येच लिव."

"दोन मानसं, एक हार्प? त्ये इचारतील."

"इचारू देत. घोड्याला बी इचारा म्हनावं."

तो जरा वेळ पेन चघळत बसला, मग लिहिलं. तोवर बसथांब्यावर पहिली बस आली आणि आठ-दहा माणसं आत शिरली. ओतिलियानं फॉर्मवर सांडलेला रस्सा कमरेच्या फडक्यानं पुसला, फॉर्म पोन्सियानोच्या खिशात कोंबला, आणि दगड उचलून पुढचा तुकडा घेतला.