दोर बघायला गेलेला सायलस

सायलस शाळेच्या बाईंच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो नऊ वर्षांचा असताना. बाईंनी त्याला मॉनिटर केलं आणि सांगितलं, "मी येईपर्यंत वर्ग गप्प ठेव." त्या परत आल्या तेव्हा वर्ग खरोखरच शांत होता. सायलस कोपऱ्यात तोंड मिटून बसून राहिला होता, एवढंच. त्याचं बघून शेजारचा गप्प झाला, मग त्याच्या शेजारचा, असा वर्ग हळूहळू निवला होता.

"अरे, तोंडाने सांगायचं ना त्यांना!"

"असं कसं सांगणार, बाई? ते काय माझे गडी आहेत?"

ट्रिस्टन या दक्षिण अटलांटिकमधल्या एकाकी बेटावर हे आईच्या दुधाबरोबरच मिळतं. इथे कुणी कुणाचा मालक नाही, म्हणून कुणी कुणाला हुकूम सोडत नाही. बटाट्याच्या वाफ्यात एकाने कुदळ उचलली की बाकीचे उचलतात. समुद्रातही तेच. दर वर्षी पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या लठ्ठ पिल्लांसाठी माणसं शेजारच्या नाइटिंगेल बेटावर जातात. परतायच्या दिवशी एखादा सुकाणूवाला आपला बोजा खांद्यावर टाकतो आणि नावा बांधलेल्या खडकाकडे चालू लागतो. त्याने वारा जोखलेला असणार, हे सगळे धरून चालतात आणि हातातल्या ताटल्या ठेवून त्याच्यामागे निघतात.

सायलस चाळिशीला आला तोवर त्याच्याकडे एका नावेचं सुकाणू आलं होतं. त्या वर्षी नाइटिंगेलवर दोनच नावा होत्या, एक त्याची आणि दुसरी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची, गिडियनची. गिडियनच्या घरात चार पोरं आणि अंथरुणाला खिळलेली आई. पिल्लांच्या चरबीने भरलेले त्याचे डबे म्हणजे घरातला अख्खा हिवाळा होता.

त्या सकाळी नैऋत्येचा वारा होता. घरी न्यायला चांगला, पण जरा थकल्यासारखा. सायलसच्या मनात दिवसभर थांबावं असं होतं. नावेचा दोर खडकाला घासतोय अशी त्याला शंका आली, म्हणून दुसरा दोर पोत्यात घालून, पोतं खांद्यावर टाकून तो पुरुषभर उंच गवतातून खाली उतरला. बिळांनी पोखरलेल्या जमिनीत पाय रुतत होते. चिखलाच्या घरट्यांवर बसलेली अल्बाट्रॉसची पिल्लं त्याच्याकडे बघून चोची वाजवत होती.

दोर बदलून त्याने मागे पाहिलं, तर सगळी माणसं डबे घेऊन उतरत होती. पुढे गिडियन, शीळ घालत.

'मी निघालेलो नाही,' हे वाक्य सायलसच्या जिभेवर आलं. पण ते म्हणायचं म्हणजे सगळ्यांना डबे घेऊन परत चढा म्हणायचं. शिवाय गिडियन शीळ घालतोय, त्याने वारा नीट पाहिलाच असेल. सायलसने वाक्य गिळलं आणि नाव धरली.

नाइटिंगेल बरंच मागे पडल्यावर नाव आडवी डुलायला लागली. वारा पाठीवर होता, पण वायव्येकडून लांब, जड लाटा येत होत्या. त्यांच्यामागून वायव्येचा वारा येणार हे उघड होतं. तो आला की गावचा किनारा बंद होणार, आणि भरलेल्या नावा ट्रिस्टनला वळसा घालून पलीकडे वाहून जाणार. पलीकडे आफ्रिकेपर्यंत जमीन नाही. समोर ट्रिस्टनच्या डोंगराने माथ्यावर ढगाची टोपी ओढून घेतली होती.

पुढच्या वल्ह्यावर म्हातारे एली काका होते. ते वल्हं न थांबवता म्हणाले, "सायलस, तुला हे सकाळी दिसलं नाही?"

"मी निघालोच नव्हतो, काका. दोर बघायला गेलो होतो."

वल्ही थांबली.

"आणि गिडियन?"

"तो मला बघून निघाला असणार."

"म्हणजे वारा कुणीच बघितला नाही," काका म्हणाले. "वा रे आपले दर्यावर्दी!"

गिडियनची नाव पुढे होती, काठोकाठ भरलेली. प्रत्येक लाटेला तिची कड पाण्याला टेकत होती. सायलस उभा राहिला.

"गिडियन! मागे फिर! डबे टाक!"

वाऱ्यावरून उत्तर आलं, "कोण रे तू सांगणारा? लाटसाहेब झालास काय?"

"टाक म्हणतो ना!"

"तुझ्या बहिणीला काय खायला घालू? तुझा हुकूम?"

गिडियन वळला नाही. सायलसने आपला पहिला डबा उचलला आणि समुद्रात लोटला. मग दुसरा. एली काकांनी स्वतःचा डबा क्षणभर पोटाशी धरला, मग सोडून दिला. नाव हलकी होऊन वर आली. गिडियन मान वळवून बघत होता. एक लाट त्याच्या नावेत शिरली आणि माणसं घमेल्याने पाणी उपसू लागली.

"गिडियन, ऐक माझं! पोरांना चरबी नको, बाप पाहिजे!"

मग गिडियनच्या नावेतून डबा पडला. त्यामागून भराभर सगळे पडले. कुठून कुठून समुद्रपक्षी गोळा झाले आणि त्या चरबीवर तुटून पडले.

दोन्ही नावा मागे वळून नाइटिंगेलच्या खडकाला पोचेपर्यंत वारा फिरलाच होता. "आधी तुम्ही," सायलस म्हणाला. तो त्याचा शेवटचा हुकूम. गिडियनची नाव वर ओढली गेली. सायलसच्या नावेला मात्र लाटेने उचलून खडकावर आपटलं आणि तिच्या लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कॅनव्हास पुढच्या टोकापासून फाटलं. माणसं समुद्री शेवाळाच्या जाड वेलींना धरून वर आली, सगळीच्या सगळी.

वादळ निवल्यावर सगळे गिडियनच्या रिकाम्या नावेतून घरी आले. वाटभर गिडियन सायलसशी बोलला नाही. त्या हिवाळ्यात दोन्ही नावांतल्या सगळ्या घरांनी बटाटे नुसते उकडून खाल्ले. बायका सायलसला बघून म्हणत, "लाटसाहेब, आमच्या चुलीला जरा पेटायला सांगा!" तो मान खाली घालून जाई.

पुढच्या मोसमाआधी गिडियन त्याच्या दारात आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"माझ्या नावेत तिसरं वल्हं मोकळं आहे," एवढंच म्हणाला आणि गेला.

सायलसने नवी नाव बांधली नाही. आज सत्तरी उलटली, तरी दर वर्षी तो नाइटिंगेलला जातो, आणि गिडियनच्या नावेत तिसऱ्या वल्ह्यावर बसतो.