घासून टाकलेली खाच

जपानमधल्या नागाओकातल्या एका पंपांच्या कारखान्यात तोशिए कुवाबारा एकतीस वर्षं पोलादी तबकड्या घासत आली. तिच्या हातून गेलेल्या तबकडीत तोंड पाहून खुशाल पावडर लावावी. ओरखडा म्हणून दिसायचा नाही.

पंप विजेवरचा. मोटर फिरली की नऊ पिस्टन पाठोपाठ तेल ओढत नि ढकलत. प्रत्येकाला तेलाची वाट उघडून द्यायची ती या तबकडीने. वाट एकदम उघडली की दाबातलं तेल आत आदळे आणि पंप किंचाळे. या खेपेचा पंप एका नाट्यगृहाचा रंगमंच वरखाली करणार होता. भरल्या प्रसंगात नट निःशब्द उभा आहे आणि पायाखालून हा आवाज! कोण खपवून घेईल? म्हणून इवासे या पंचेचाळिशीच्या अभियंत्याने दोन वर्षं खपून नवी तबकडी आखली होती.

आवाज पासष्ट डेसिबलच्या वर चालणार नव्हता. चाचणीत आले बहात्तर.

"झालं तर मग," चहाला जमलेल्या सगळ्यांसमोर विभागप्रमुख ओगुरा म्हणाले. "उद्यापासून जुनाच पंप, आवाज कोंडायला वर जाड पेटी ठोकू. इवासेकुन, तुझी खाच कागदावरच शोभते बघ."

"केसाएवढीच खाच, पण तेल आधी तिच्यातून हळूच झिरपायला हवं होतं," इवासे पुटपुटला. "वाटेच्या अगदी तोंडाशी..."

तोशिएने चहाचा पेला खाली ठेवला. तोंडाशी! ती खाच तर तिनेच घासून टाकली होती. तबकडी कापणारे नोमुरासान महिन्याभरात निवृत्त होणार होते, अलीकडे त्यांचे हात थरथरत. तिला वाटलं, हत्यार घसरून ओरखडा पडला. चारचौघांत म्हाताऱ्या माणसाची शोभा नको, म्हणून तबकडीचा नकाशाही न बघता तिने गुपचूप तो मिटवला. आता बोलावं तर नोमुरासानांच्या तोंडावरच बोलायचं. गप्प बसावं तर इवासेची दोन वर्षं भंगारात.

ती उठली, कमरेत वाकली. "चूक माझी. खाच मी घासली. मला वाटलं, नोमुरासानांचा हात चुकला."

नोमुरासान लालबुंद झाले.

"माझे हात जेवताना थरथरतात, कुवाबारासान. पोलादावर नाही! किती वेळा केलंत हे?"

"यंदा... पाच वेळा."

"म्हणजे आणखी चार खाचा घालवल्यात?"

"नाही हो. ते खरेच ओरखडे होते."

आधी ओगुरा हसले, मग सगळेच. नोमुरासान हसले, पण बऱ्याच वेळाने.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत मिळाली. नोमुरासानांनी खाच पुन्हा कापली. तोशिएने बाकी तबकडी घासली, तोंडापाशी मात्र बोटं आवरून धरली. चाचणीत आवाजाचा काटा चौसष्टवर थांबला. इवासेने दोघांना वाकून नमस्कार केला.

त्यानंतर महिनाभर नोमुरासान प्रत्येक तबकडी स्वतः तिच्या टेबलावर आणून ठेवत, आणि ओरखडा कुठे पडलाय ते आधीच बोटाने दाखवत.