हेडफोन लावलेली दुपार

लिफ्टवाल्याचं वय बावन्न. लग्न केलं नाही. आईच्या शब्दांत सांगायचं तर, "संसार केला तो त्या धुडाशी." धूड म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा अँप. आत काचेचे व्हॉल्व्ह, वर जाड कापड, आणि वजन असं की उचलताना देव आठवावा. आठवडाभर तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. ऑर्केस्ट्रातसुद्धा तो लिफ्टवालाच.

घर दोन खोल्यांचं. एकीत आई, एकीत हा आणि त्याचं धूड. मधे चिंचोळी वाट, तिच्या टोकाला बाथरूम. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वॉकर धरून चालायची.

खालच्या मजल्यावरच्या बाई एके दिवशी वर आल्या. "तुमचं वाजवणं वाईट नाही हो," त्या म्हणाल्या, "पण आमच्या फडताळातले पेले नाचतात. त्यात ह्यांचं आत्ताच हृदयाचं ऑपरेशन झालंय."

लिफ्टवाला वरमला. माणूस मुळात पापभीरू. पंधरा दिवसांत त्याने मॉडेलर आणला. जाडजूड पुस्तकाएवढी पत्र्याची पेटी, तिच्यावर छोटा पडदा. शंभर तऱ्हेच्या अँपचे आवाज ती हिशेबाने हुबेहूब काढते. हेडफोन लावला की वाजवणाऱ्याच्या कानात गडगडाट आणि घरात चिडीचूप.

खालच्या बाई खूश झाल्या. आई मात्र नाही.

"पूर्वी ते ट्याँव ट्याँव ऐकून कळायचं तरी, की घरात माणूस आहे. आता तू आहेस की गेलास, काय समजायचं?"

"आहे ना मी. हाक मार."

"मारली तर ऐकू येते का?"

"येते गं," तो म्हणाला. तेव्हाही त्याचा एक कान हेडफोनखालीच होता.

नव्या पेटीची आणि जुन्या सामानाची सोयरीक काही जमेना. त्याच्याकडे तीन पेडल होती, पायाने दाबायची. एक आवाज वळवणारं, एक आवाज खरखरीत करणारं आणि एक प्रतिध्वनी देणारं. विशीत पहिल्या पगारातून घेतलेली, ती सोडायला तो तयार नव्हता. पहिली दोन पेडल गिटार आणि मॉडेलर यांच्यामधे बसली. प्रतिध्वनीचं पेडल मॉडेलरच्या मागच्या दोन भोकांतून जोडायचं होतं, पण ते जोडलं की आवाज फाटायचा. चार दिवस डोकं खाजवल्यावर त्याला कळलं की तिथून बाहेर पडणारा आवाजच पेडलला झेपत नाही. मेन्यूत शिरून त्याने तो कमी केला. फाटणं थांबलं, तर आता मागे गुंऽऽ अशी घरघर. सगळ्या पेडलना वीज एकाच अडॅप्टरमधून जात होती, ही त्याची शंका.

बुधवारी त्याने रजा टाकली. दुपारी आईचं जेवण झालं, ती पडली. त्याने प्रतिध्वनीच्या पेडलला वेगळा अडॅप्टर लावला, हेडफोन चढवला. घरघर गेली होती. तो खूश होऊन सूर लावू लागला.

दीड वाजता हेडफोनच्या मागे कुठेतरी थप् असा आवाज झाला.

त्याला वाटलं, पेडलचा खटका. जुने खटके असे उडतात. त्याने तो वीस वेळा दाबून पाहिला, वायर बदलली, पुन्हा दाबला. आवाज काही परत आला नाही.

"गेला एकदाचा," तो स्वतःशीच म्हणाला.

आणि मग तो आवाज लागला. पंचवीस वर्षं जो मनात होता आणि धुडातून कधी निघाला नव्हता, तो. तो वाजवत राहिला. पावणेचारला चहाची तलफ आली म्हणून त्याने हेडफोन काढला, तेव्हा वाटेतून टक… टक… ऐकू आलं.

आई बाथरूमच्या दारात कुशीवर पडली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. वॉकर आडवा. हातातला मग ती फरशीवर आपटत होती, पण हातात जोर उरला नव्हता.

"आलास का?" ती म्हणाली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ पडून होत्या?"

सव्वादोन तास, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण तेवढं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, पडल्याची वेळ तुम्हाला कशी ठाऊक? "तासभर असेल," तो म्हणाला. "मी बाहेर गेलो होतो."

संध्याकाळी ताई आली. थोरली बहीण, दुसऱ्या गावी असते. आल्या आल्या म्हणाली, "तू कुठे होतास?"

"वायर आणायला गेलो होतो. दुकानात."

आईचे डोळे मिटलेले होते. तशीच ती म्हणाली, "हो गं. मीच म्हटलं त्याला, जाऊन ये."

खुब्याचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं कुरकुरू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार वेळ एका अंगावर पडून राहिलं की असं होऊ शकतं, तासभरापेक्षा जास्त असणार. तेव्हा त्याने खरा वेळ सांगितला. कसा ठाऊक, ते त्यांनी विचारलंच नाही. नुसतं लिहून घेतलं.

त्या रात्री ताई घरी झोपायला गेली होती. त्याने आईला विचारलं, "हाक मारली होतीस?"

"मारली की. मग दमले."

"मला खरंच ऐकू नाही आलं गं."

"माहितेय. दाराच्या फटीतून तुझा पाय दिसत होता. ताल धरलेला." पांघरूण वर ओढत ती म्हणाली, "ताईला सांगू नकोस. ती तुला बोलत बसेल."

अकराव्या दिवशी आई गेली.

ताई आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. तिने हातातली घडी पूर्ण केली.

"वाजवत काय होतास?"

"काही नाही. आवाज लावत होतो."

ती उठली. पिशवी भरली आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट असताना दुपारीच निघाली.

महिन्याने ऑर्केस्ट्राचा एक कार्यक्रम आधीच ठरलेला होता. लिफ्टवाल्याने तो नव्या पेटीवर वाजवला. संपल्यावर ऑर्केस्ट्राचे मालक पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय आवाज काढलास रे! इतकी वर्षं कुठे लपवला होतास?" तो सामान आवरून घरी आला, आणि सकाळी फोन करून त्यांना म्हणाला, दुसरा कुणीतरी बघा.

ताईचा फोन चार महिन्यांनी आला, घराच्या कागदांवर दोघांच्या सह्या हव्या होत्या म्हणून. काम बोलून झालं. ठेवते, असं ती म्हणाली नाही. त्यानेही फोन कानाशी धरून ठेवला.

"जेवतोस का वेळेवर?" तिने शेवटी विचारलं.

"जेवतो."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.